दरडीवरची बाळंतीण

तो रस्ता नेमका कुठला ते मी सांगणार नाही. बारामती आणि इंदापूर यांच्या मधल्या माळावर कुठंतरी आहे, एवढंच. घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही असा पक्षी बघणाऱ्यांमध्ये नियम आहे. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, नियम पाळायची सवय हाडात गेलेली आहे. त्या सकाळी जो घोळ झाला तो नियम मोडल्यामुळं नाही, पाळल्यामुळं झाला.

त्या रस्त्याला आमच्याकडं घाट म्हणतात. एकदा साताऱ्याकडचा माझा भाऊ गाडीत होता. तिसरं वळण झाल्यावर मी म्हटलं, "संपला घाट." तो म्हणाला, "सुरू कधी झाला?" त्याचंही खरं आहे. पण आमच्या सपाट उसाच्या मुलखात जमीन जरा खांदा उडवून उभी राहिली की तिला डोंगर म्हणायची रीत आहे. खाली कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, वर चढलं की एकदम मुरमाड माळ, वाळलेलं गवत, बोरी, हिवर, बाभळी. रस्ता काढताना टेकडीची एक कड फोडली, तिथं तीन पुरुष उंचीची दरड उभी राहिली. त्या दरडीच्या वरच्या अंगाला एक कपार आहे. तिथं जानेवारीत मला शृंगी घुबड दिसलं.

हे आपल्या वळचणीला बसणाऱ्या पिंगळ्यासारखं चिमुकलं पाखरू नव्हे. चांगलं हातभर उंच, डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे, आणि डोळे असे नारिंगी, की ते उघडले तर आपणच काहीतरी चूक केली असावी असं वाटतं. मला ते दिसलं त्याचं श्रेय खरं तर आमच्या ह्यांना आहे. दरडीवरून खाली ओघळलेले पांढरे पट्टे बघून हे म्हणाले, "अगं, इथं चुना टाकून हद्द कुणी आखली?" मी दुर्बीण वर नेली. चुना नव्हता, विष्ठा होती, आणि तिच्या वर मालकीण बसली होती.

ह्यांच्याविषयी सांगायला हवं. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. लोक त्या पदाला सर्कल म्हणतात. पक्ष्यांचं त्यांना काही नाही. पण पहाटे बायकोनं एकटीनं माळावर जाऊ नये म्हणून ते गाडी चालवत येतात, आणि आल्यावर नुसतं बसवत नाही म्हणून नोंदी ठेवतात. मी त्यांना एक छोटी वही दिली होती. ती त्यांनी परत केली आणि लांबडी, लाल पाठीची नोंदवही आणली. तिच्यात रकाने आखले. त्यातली एक नोंद मला पाठ आहे: "अ. क्र. ४. खाटीक. एक नग. बाभळीच्या शेंड्यावर प्रत्यक्ष ताबा. वहिवाट जुनी दिसते."

मी म्हटलं, "अहो, पक्ष्याला कसली वहिवाट?"

"रोज त्याच फांदीवर बसतो की नाही?"

बसत होता. 

फेब्रुवारीतली सकाळ होती. आठवड्यापूर्वी कपारीत मादीच्या मागं पांढरं काहीतरी हललं होतं. पिल्लू असणार, अशी माझी खात्री होती. फोटो मिळाला तर तो सूर्य दरडीवर आला की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. नंतर उजेड पांढरा पडतो आणि मादी डोळे मिटून पाठ फिरवते. म्हणून आम्ही अंधारातच इंदापुरातून निघालो. वाटेत उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या मागं लावून, गाणी लावून, झोकांड्या खात चाललेले. त्यांच्या मागून अर्धा तास रांगत शेवटी घाटात पोचलो तेव्हा पूर्वेला नुसतं फटफटलं होतं.

दरडीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, बोरीच्या आडोशाला मी तिवई लावली. तिच्यावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला ती माझी लेन्स. ही लेन्स लहान गॅसच्या टाकीएवढी आहे, आणि तिला मी ठिपक्याठिपक्यांचं हिरवं कापड शिवलंय. हे पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं, डोक्यावर खाकी टोपी, हातात नोंदवही अशा वेषात रस्त्याच्या कडेला उभे राहिले. आता मागं वळून बघते तर कळतं, की आम्ही दोघं बरोबर कशासारखे दिसत होतो. तेव्हा माझं सगळं लक्ष कपारीकडं होतं.

मादी जागेवर होती. डोळ्यांच्या जागी दोन रेघा. माळावर चंडोल गायला लागला, दूर तित्तिर ओरडला, आणि चार पखुर्ड्या, ही मातकट रंगाची, कबुतराएवढी माळरानातली पाखरं, गवतातून चालत चालत रस्ता ओलांडून गेल्या. हे कुजबुजले, "घुबडाचं काय लिहू?"

"घुबड लिहायचं नाही. वही कुणाच्या हातात पडली म्हणजे?"

त्यांनी मान डोलावली आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

सात वाजून गेले असतील. घंटी वाजली आणि वळणावरून शेळ्या आल्या. वीस-बावीस शेळ्या आणि त्यांच्यामागं हातात काठी घेतलेल्या, साठीच्या एक मावशी. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर टॉवेल. त्या थांबल्या. तिवईकडं बघितलं, लेन्सकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय चाललंय, बाई?"

मी बाई आहे हे त्यांनी कसं ओळखलं कुणास ठाऊक. शिक्षकांच्या तोंडावर ते लिहिलेलं असतं म्हणतात.

"काही नाही मावशी. चिमण्यांचे फोटो काढतोय."

"चिमण्यांचं?" त्यांनी लेन्सची लांबी डोळ्यांनी मोजली. "आमच्या घरात हायत की चिमण्या. हातानं धरून देती."

"रानातल्या चिमण्या वेगळ्या असतात."

"असत्याल." मावशी रस्ता ओलांडून गेल्या आणि दरडीच्या पायथ्याला, बरोबर माझ्या लेन्सच्या समोर, एका धोंड्यावर बसल्या. शेळ्या त्यांच्या भोवती पांगल्या. "हितं काय न्हाय बगा," त्या तिथून म्हणाल्या. "भिगवणला जावा. तितं धरणाच्या पाण्यात लाल बगळं आल्यात. पुण्याची समदी माणसं तितंच जात्यात."

"ते बघून झालेत मावशी."

"मग निरवांगीला नदीकडं जावा. तितं मोर हायत."

कपार त्यांच्या डोक्याच्या बरीच वर होती, त्यामुळं फोटोत त्या येत नव्हत्या. पण शेळ्या दरडीवर चढायला लागल्या होत्या आणि वरून मुरूम ढासळत होता. मी हात हलवून शेळ्यांना हटवायला बघितलं. मावशींनी ते बघितलं आणि एका शेळीला काठीनं आणखी वर हाकललं. मला राग आला. मग त्यांनी कमरेचा मोबाइल काढला आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आबा, तुमी घरीच हाय का? आवं, घाटात मोजणीवालं आल्यात. व्हय. दुर्बीण हाय, सायेब हाय, वही हाय. या लवकर."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी काळजी म्हणू शकत नाही. त्यांनी टोपी नीट केली.

दहा मिनिटांत खालच्या बाजूनं मोटारसायकलवरून आबा आले. धोतर, बंडी, पांढऱ्या मिशा, गळ्यात मफलर. त्यांची मोटारसायकल थांबते न थांबते तोच वरच्या बाजूनं दुसरी आली. तिच्यावर तात्या. ते आबांचे चुलतभाऊ, वयानं जरा लहान, तब्येतीनं दुप्पट. आबांचं शेत रस्त्याच्या एका अंगाला, तात्यांचं दुसऱ्या, आणि वर टेकडीवर दोघांची हद्द एकाच दगडाशी भिडलेली. हे मला मावशींनी धोंड्यावर बसल्या बसल्या सांगितलं, आणि पुढं जोडलं, "अकरा वर्सं झाली, दोगं येकमेकाशी बोलत न्हाईत."

खरंच बोलत नव्हते. दोघांनी आपापल्या गाड्या रस्त्याच्या दोन कडांना लावल्या, एकमेकांच्या आरपार बघितलं, आणि दोन्ही बाजूंनी ह्यांच्याकडं आले.

"राम राम रावसायेब," आबा म्हणाले. "रस्ता कितीचा धरलाय?"

"मी निवृत्त आहे," हे म्हणाले.

"असं का." आबांनी समजूतदारपणे मान हलवली. "म्हंजी अजून जाहीर न्हाय केलं."

"तसं नाही. आम्ही पक्ष्यांसाठी आलोय."

"कुठल्या पक्षासाटी?" तात्यांनी विचारलं. "सत्तेतल्या का इरोधातल्या?"

मी मधे पडले. "पक्षी हो, तात्या. पाखरं. चिमण्या."

तात्या माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यात एवढाच भाव होता की सरकारी माणसाच्या बायकोनं हे बोलणंच योग्य. मग ते ह्यांच्या कानाशी आले. "सायेब, माज्या अंगाला हीर हाय. रस्ता वाढवायचा तर पलीकडनं वाढवा. तितं नुसतं पडीक हाय."

पलीकडं म्हणजे आबांचं. आबांना हे ऐकू गेलं, पण ते तात्यांशी बोलत नसल्यामुळं उत्तर ह्यांना दिलं. "हिरीला पाणी न्हाय म्हणावं. पलीकडच्या पडीकात माजी डाळिंबं येणार हायत पुढल्या साली."

"कवा लावली म्हणावं?" तात्या ह्यांना म्हणाले.

"लावीन की म्हणावं," आबा ह्यांना म्हणाले.

हे मधे उभे. एकदा इकडं, एकदा तिकडं मान. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत माझ्या नवऱ्याला मी इतकं टवटवीत बघितलं नव्हतं. नोंदवही त्यांनी छातीशी धरली होती. तेवढ्यात आबांनी विनंती केली, "जरा बगू द्या काय लिवलंय," आणि ह्यांना नाही म्हणता आलं नाही. आबांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

"अनुक्रमांक सात. सदर जागेची चतुःसीमा. पूर्वेस सरकारी रस्ता. पश्चिमेस टेकडी. उत्तरेस पडीक माळ. दक्षिणेस लिंबाचे झाड एक." ते थांबले. पुढचं वाचताना त्यांचा आवाज खाली आला. "नाव गोपनीय."

 मोटारसायकलची तापलेली नळी टिकटिक करत होती. घुबड लिहायचं नाही असं मी सांगितलं होतं, म्हणून ह्यांनी घुबड सोडून बाकी सगळं लिहिलं होतं.

"माजा लिंब धरलाय यात," तात्या म्हणाले.

"त्यांचा लिंब न्हाय म्हणावं," आबा ह्यांना म्हणाले. "हद्दीचा दगड लिंबाच्या अलीकडं हाय."

"पलीकडं हाय म्हणावं."

"दगड कुठं आहे?" ह्यांनी विचारलं.

माझ्या लक्षात आलं की आता हे थांबणार नाहीत. सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. सूर्याची किरणं दरडीच्या माथ्याला लागली होती आणि हळूहळू खाली सरकत होती. कपारीपर्यंत यायला पाच-सहा मिनिटं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि माझ्या खांद्यावर अलगद हात पडला.

"अगं, दोन मिनिटं दे," हे म्हणाले. "दगड दिसतो का बघू. इथून दिसला तर चढायला नको."

"आत्ता?"

"या दोघांचे गुडघे दुखतात."

 कपारीत उन्हं यायला अवकाश होता. मी बाजूला झाले. ह्यांनी लेन्स फिरवली, टेकडीच्या उतारावर लिंबाचं एकटं झाड होतं तिकडं रोखली, आणि डोळा लावला. लेन्स जरा इकडं, जरा तिकडं सरकवली. मग हळूच म्हणाले, "घाणेरीच्या जाळीत आहे. पांढरा आहे. वर फुली आहे."

"बगू," आबा म्हणाले.

"मला आदी," तात्या म्हणाले, पण ते ह्यांना.

आबा वयानं मोठे म्हणून ते आधी वाकले. त्यांना डोळा कुठला मिटायचा ते जमेना. डावा मिटला की उजवाही मिटायचा. शेवटी तात्यांनीच मागून हात पुढं करून त्यांच्या डाव्या डोळ्यावर पंजा ठेवला. अकरा वर्षांनी झालेला तो पहिला स्पर्श, पण त्या वेळी तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. माझं तर नव्हतंच. कारण उन्हं कपारीत उतरली होती.

दगड आधी तांबडा झाला, मग सोनेरी. मादीनं डोळे उघडले. मला दुर्बीण लागली नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसलं. नारिंगी, गोल, थेट माझ्याकडं. मग तिच्या पंखाखालून कापसाचा पिंजलेला गोळा बाहेर आला. त्याला दोन डोळे होते. तो गोळा कपारीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, पंख म्हणून जे काही होतं ते पसरलं, आणि आईच्या अंगावर कलंडला. आणि त्याच्या मागून दुसरा गोळा आला.

दोन पिल्लं होती. माझ्यापासून हातभर अंतरावर कॅमेरा होता आणि त्याच्यातून आबा दगड बघत होते. ओरडावं तर जागा कळते. कॅमेरा ओढावा तर लेन्स कुठं वळते ते सगळे बघणार. मी दोन्ही हात एकमेकांत गच्च धरून उभी राहिले. परीक्षेत पोराला उत्तर येत असताना वेळ संपल्याची घंटा व्हावी तसं ते होतं, आणि अशी घंटा आयुष्यभर मीच वाजवली होती.

"बाई, तुमी तिकडं काय बगताय?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

"तितं काय न्हाय," धोंड्यावरून मावशी म्हणाल्या.

दोन्ही उत्तरं एकाच वेळी आली. मी मावशींकडं बघितलं. मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग त्या काठीवर जोर देऊन उठल्या, रस्ता ओलांडून आल्या आणि माझ्या दंडाला धरून मला बोरीच्या मागं घेऊन गेल्या.

"तुमाला ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ती."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "जानेवारीपासून," मी म्हणाले. "तुम्हाला?"

"तीन वर्सं येती बाळंतपणाला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं तुमी बी त्या मागल्या लोकांवाणी. गेल्या साली जीपमधनं चार जण आलते, असल्याच तोफा घिऊन. ती बगंना म्हून खडं मारलं. मोबाइलवर कसला तरी आवाज लावला. बाळंतीण उडून गेली ती सांजच्याला आली माघारी. तवापास्नं कुणी तोफ घिऊन आलं की मी भिगवणचा रस्ता दावती."

"आणि मोजणीवाले म्हणून फोन का केलात?"

"तुमी जाईना. गडीमाणसं आल्याशिवाय तुमी हलणार न्हाय हे दिसलं. आन् गडीमाणसं नुसत्या फोटूसाटी कशाला येत्यात? मोजणी म्हटलं की जेवणावरनं बी उठून येत्यात."

मला वाईट वाटलं, आणि हसूही यायला लागलं. आम्ही दोघी सकाळपासून एकमेकींपासून एकच घुबड लपवत होतो. मी भाबडेपणानं म्हणाले, "मावशी, तुमचा फार जीव आहे तिच्यावर."

"जीव कसला?" त्यांना हे पसंत पडलं नाही. "घुबड कुठं बसतंय ते लोकांना ठावं न्हाय, पर रातचं घुमतं म्हून भ्यात्यात. ती बसती तवापास्नं या अंगाला कुणी शेरडं आणत न्हाय. समदा पाला माज्याच शेरडांना." मग थोड्या वेळानं, दरडीकडं न बघता त्यांनी विचारलं, "किती हायत?"

"दोन."

"मला येकच वाटलं हुतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाल्याच्या हिशेबातलं नव्हतं.

इकडं रस्त्यावर आवाज चढला होता. तात्यांचा दगड बघून झाला होता. दगड लिंबाच्या ना अलीकडं होता ना पलीकडं, बरोबर बुंध्याला चिकटून होता. यावरून वाद मिटायला हवा होता असं ह्यांचं मत. पण आबा म्हणाले, "दगड सरकवलाय," आणि पहिल्यांदाच ते ह्यांना न म्हणता थेट तात्यांना म्हणाले.

"कुणी सरकवला?"

"तुज्या बानं."

"माज्या बाला धोंडा उचलत हुता व्हय? मरताना पाण्याचा तांब्या उचलत न्हवता."

"मरायच्या आदी उचलला आसंल."

"आरं, तुजं लगीन त्यानंच जमवलं. त्याला तू चोर म्हणतोस?"

"लगीन जमवलं म्हूनच म्हणतो," आबा म्हणाले.

 तात्यांच्या ओठाची एक कड हलली, पण त्यांनी ती आवरली आणि अधिकच जोरात बोलायला लागले. आता दोघं अकरा वर्षांचं साठलेलं बोलत होते, आणि माळाला ऐकू जाईल असं बोलत होते. मी "हळू, हळू" म्हणत पुढं झाले, पण उशीर झाला.

मादी हलली नाही. पण दरडीच्या वर, हिवराच्या झाडात, नर बसला होता. तो तिथं आहे हे मला दीड महिन्यात कळलं नव्हतं. तो उठला. एवढा मोठा पक्षी, चार-पाच फूट पंख, आणि पंखांचा आवाज शून्य. रस्त्यावर सावली पडली म्हणून सगळ्यांनी वर बघितलं, तर तो आबा आणि तात्यांच्या डोक्यावरून, हात वर केला तर लागेल इतक्या खालून गेला. दोघं एकदम खाली बसले. तात्यांनी आबांचा मफलर धरला होता. ह्यांची टोपी पडली. मी कॅमेऱ्याकडं धावले, लेन्स वळवली आणि बटण दाबून धरलं.

घुबड वळणापलीकडं उतरून गेलं. बराच वेळ कुणी उठलं नाही.

"दिवसाढवळ्या," आबा शेवटी म्हणाले.

"तुज्या डोक्यावरनं गेलं," तात्या म्हणाले.

"तुज्या."

"मी हिकडं हुतो. तूच मदी हुतास."

यावर दोघांचा नव्यानं वाद सुरू झाला. अपशकुन कुणाच्या वाटणीचा, हा. पण आता आवाज बारीक होते, आणि दोघं बोलता बोलता आपापल्या गाड्यांकडं सरकत होते. मावशींनी संधी साधली. "जागा वंगाळ हाय आबा," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मी तर कवाची सांगती. पोरासोरांना हिकडं येऊ दिऊ नगा." आबांनी मान डोलावली. गाडीवर बसताना ते ह्यांना म्हणाले, "रावसायेब, मोजणीचं घरी बोलू. रविवारी जेवायला या." वरच्या बाजूनं तात्या म्हणाले, "आदी माज्याकडं." मग दोन गाड्या दोन दिशांना गेल्या.

"म्हैनाभर आता हितं कोण फिरकत न्हाय," मावशी समाधानानं म्हणाल्या आणि शेळ्या दरडीवरून खाली उतरवल्या. "आता काढा दोन फोटू. दोनच. आन् मग जावा."

मी काढले. आठ वाजत आले होते, उजेड पांढरा झाला होता आणि मादीनं पाठ फिरवली होती. पिल्लांपैकी एक आत गेलं होतं, दुसऱ्याचं अर्धं डोकं दिसत होतं. उडणाऱ्या नराच्या नावानं जी तेरा छायाचित्रं आली, त्यांत बारा आभाळाची आहेत. तेराव्यात एका कोपऱ्यात पंखाचं टोक आहे, आणि बाकी सगळ्या चौकटीत, एका मफलरला धरून रस्त्यावर बसलेले दोन म्हातारे चुलतभाऊ. अगदी स्पष्ट, मिशांचा केस न् केस वेगळा. आजवर मी काढलेल्या फोटोंत इतका नेमका फोकस दुसरीकडं कुठं साधलेला नाही.

घरी आल्यावर कपारीतला फोटो मी आमच्या बहिणींच्या ग्रुपवर टाकला, जागा न सांगता. थोरलीनं लिहिलं, "मांजर छान आहे." मी खुलासा केला नाही.

रविवारी हे खरोखरच जेवायला गेले. दोन्हीकडं. परत आल्यावर संध्याकाळी काहीच खाल्लं नाही. रस्ता रुंद होणार नाही हे त्यांनी दोन्ही घरी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि दोन्ही घरी त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. चुलतभाऊ अजून भांडतात. पण समोरासमोर भांडतात, आणि बाजारच्या दिवशी कधीमधी एकाच गाडीवर जातात, असं ऐकलं.

त्या दिवशी निघताना मावशींनी माझा नंबर घेतला होता. कशाला ते सांगितलं नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी त्यांचा फोन आला. "बाई, बाळंतीण गेली बगा. दोनी पोरं उडाली. धाकटं दोन दिस भ्यालं हुतं, काल गेलं." मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत. त्या फोन ठेवीनात. मग म्हणाल्या, "माज्या शेरडीला तीन करडं झाल्यात. तिन्ही पांडरी. फोटू काढायला येताय का?"

आम्ही दुसऱ्या दिवशीच गेलो. करडं घराच्या अंगणातच होती, हात लांब केला की पोचतील एवढ्या अंतरावर, त्यामुळं ती लेन्स काही कामाची नव्हती. मी आधी मावशींना कपारीतला फोटो दाखवला, मग मोबाइलवर करडांचे काढले. मावशींनी एकेक फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला आणि म्हणाल्या, "हे चांगलं आलं. कुणाचं हाय ते कळतंय तरी." मग त्यांनी आत जाऊन चहा ठेवला.